पट आणि हजर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक आणि उद्याचं शिक्षण'. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते म्हणून दिला असणार. पण गेले दोन महिने आपल्या तुकडीत जी चर्चा चालू आहे ती ऐकून मी विषय बदलला, आणि हे संयोजकांना आत्ताच कळतंय. आता माइक माझ्या हातात आहे, त्यामुळे त्यांचा नाइलाज आहे.

चर्चा अशी, की जमलेल्या वर्गणीतून शाळेला काय द्यायचं. मोठा टीव्ही द्यावा, भिंतींना रंग काढून द्यावा, फाटकावर कमान बांधून तिच्यावर आपल्या तुकडीचं साल घालावं, असं बरंच काही सुचवून झालं. आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "टीव्ही देऊन काय करायचं? पूर्वीसारखे शिक्षक राहिलेत कुठे?" या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. सगळे माना डोलावतात आणि चर्चा परत कमानीवर येते. मला त्या वाक्याबद्दल बोलायचं आहे, तेही शिक्षक समोर बसलेले असताना.

पूर्वीसारखे म्हणजे कसे, ते आधी आठवून बघू. आपण १९८५ साली पहिलीत आलो. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसायची आणि दोन्हींना मिळून गुरुजी एकच. चौथीला उदाहरणं घालून द्यायची आणि तिसरीला पडवीत पाढे म्हणायला काढायचं. गुरुजी पंचायत समितीत पगाराच्या कामाला गेले की आपल्यातल्या मोठ्या मुली पहिलीच्या पोरांची बाराखडी घ्यायच्या. आज आपण हे सगळं कौतुकानं सांगतो. पण त्याला शिक्षकांची टंचाई म्हणतात, फक्त तो शब्द तेव्हा गावात आला नव्हता. आपण दुसरी-तिसरीत असताना, १९८७मध्ये, केंद्र सरकारनं खडू-फळा योजना आणली. तिचा हेतू असा होता, की प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळावेत. देशभर एका शिक्षकावर चालणाऱ्या शाळा इतक्या होत्या, की त्यासाठी वेगळी योजना काढावी लागली. जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२४-२५च्या यू-डायसच्या आकडेवारीत, देशात एक लाखाहून जास्त शाळा अजून एकशिक्षकी आहेत. महाराष्ट्रात त्या आठ हजारांच्या घरात आहेत.

मग बदललं काय? माझ्या मते पहिला बदल हा, की गुरुजी गावात राहायचे. ते सकाळी विहिरीवर दिसायचे, भजनात दिसायचे, कुणाच्या घरी तक्रार सोडवताना दिसायचे. त्यांच्याबद्दलचं गावाचं मत रोज बघून बनलेलं होतं. आजचे शिक्षक खोपोलीहून, कर्जतहून, पनवेलहून गाडीवर येतात आणि शाळा सुटली की परत जातात. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांचीही मुलं शिकायची असतात, म्हातारे आईवडील असतात. पण गाव त्यांना बघत नाही, आणि न बघितलेल्या माणसाबद्दल ऐकीव मत पटकन बनतं. हे आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेत गॅलप नावाची संस्था दरवर्षी लोकांना शाळांबद्दल विचारते. देशातल्या शाळा कशा आहेत असं विचारलं, की समाधानी लोक निम्म्याहूनही कमी निघतात. पण आईबापांना विचारलं, की तुमच्या स्वतःच्या मुलाची शाळा कशी आहे, तर चारांतले जवळपास तीन म्हणतात, चांगली आहे. आपलंही तसंच आहे. "झेडपीच्या शाळा गेल्या" असं म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात म्हणतो, "पण आमच्या पोराच्या बाई मात्र फार चांगल्या होत्या हो."

इथपर्यंत हे नुसतं मत आहे. गप्पांत मत कितीही फिरलं तरी बिघडत नाही. पण शाळेच्या बाबतीत मताचा आकडा होतो, आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहिलेला असतो. पट इतका, हजर इतके. आपण लहानपणी 'हजर'कडे बघायचो. खरी गंमत 'पट'मध्ये आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं मूल आलं की तिसरा, एक्क्याण्णवावं आलं की चौथा. दरवर्षी या पटावरून शिक्षकांची पदं ठरतात. त्याला संचमान्यता म्हणतात, आणि हा शब्द उच्चारला की कोणत्याही मुख्याध्यापकांचा चेहरा बदलतो. आत्ताही बदलला, मी इथून बघितलं.

आता साखळी बघा. गावात मत बनलं की शाळेत शिकवत नाहीत. चार घरांनी मुलं काढली आणि सावरोली-खारपाडा रस्त्यावर येणाऱ्या पिवळ्या बसमध्ये बसवली. पट एकसष्टाचा सत्तावन्न झाला. तिसरं पद गेलं. दोन शिक्षकांकडे पाच इयत्ता आल्या. मग खरंच शिकवणं कमी झालं, आणि ज्यांनी मुलं काढली ते म्हणाले, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" मत आधी चुकीचं असलं तरी दोन वर्षांत ते खरं होतं. राहिलेली मुलं मात्र ज्यांच्याकडे बसचे पैसे नाहीत त्यांची असतात.

ज्या घरांनी मुलं काढली त्यांना मी नावं ठेवत नाही. माझी मुलगी नवी मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकते, आणि इथे बसलेल्या बहुतेकांची मुलंही तशीच शिकताहेत. लोक म्हणतात, हे इंग्रजीचं वेड आहे. मला ते पुरतं पटत नाही. खालापूर तालुक्यात जमिनी कारखान्यांना गेल्या आणि हातात पगार आला. त्या पगारातून आईबाप जे विकत घेतात ते म्हणजे एका वर्गाला एक शिक्षक. त्या खाजगी शाळेतली टीचर डी.एड. झालेली असेलच असं नाही. तिचा पगार ऐकला तर आपल्याला लाज वाटेल. पण ती वर्गात असते. दुसरीला घेऊन बसली की तिसरी-चौथी पडवीत नसते. बाप दारातून डोकावतो आणि त्याला टेबलामागे माणूस दिसतं. हा हिशेब मूर्खपणाचा नाही.

म्हणून प्रश्न असा, की जिल्हा परिषदेच्या शाळेत ते माणूस का नसतं? शिकवायला कुणी तयार नाही म्हणून? तसं मुळीच नाही. शिक्षक अभियोग्यता चाचणीला महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त उमेदवार बसतात. झालं असं, की ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली आणि लाखो मुलं फक्त कागदावर आहेत असं उघड झालं. त्यावर उपाय म्हणून २०१२मध्ये भरतीच बंद केली. पट फुगवणारे कोण होते आणि भोगलं कुणी, ते बघा. पुढे २०१७मध्ये पवित्र पोर्टल आलं, त्यातून पहिल्या नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं, आणि त्यानंतरची मोठी भरती थेट २०२४मध्ये झाली. तेव्हा सुमारे एकवीस हजार पदांची जाहिरात होती आणि पहिल्या यादीत सुमारे अकरा हजारच नावं आली. मधल्या काळात निवृत्त होणारे निवृत्त होतच होते. कोकणात आणखी एक गोष्ट. आपल्याकडे नेमणूक झालेले बरेच शिक्षक मराठवाड्यातले, पश्चिम महाराष्ट्रातले. आंतरजिल्हा बदलीची संधी मिळाली की ते आपल्या गावी जातात. कुणीही जाईल. पण गेलेल्या माणसाची जागा भरायला पुन्हा भरतीचीच वाट बघावी लागते.

शिवाय भरती झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची. २०००मध्ये ही पद्धत आली तेव्हा प्राथमिकला महिना तीन हजार मानधन होतं. पुढे सहा हजार झालं, आणि २०२३पासून सोळा हजार. आपल्या रस्त्यावरच्या कारखान्यांतल्या पगाराशी हे ताडून बघा. ५ सप्टेंबर २०२४ला, म्हणजे ऐन शिक्षकदिनी, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक निवृत्त किंवा कंत्राटी घेण्याचा निर्णय निघाला. वीस दिवसांनी राज्यभर शिक्षक सामूहिक रजा टाकून मोर्चात उतरले, तेव्हा आपल्यातलेच काही जण म्हणाले, "यांना संप करायला वेळ आहे."

आता जरा लांबचं सांगते. माझ्या कामात एक फ्रेंच कंपनी आहे आणि तिथली एक सहकारी माझ्याच वयाची, लियॉं शहराजवळ राहणारी. मला वाटायचं, फ्रान्समध्ये कशाला शिक्षक कमी पडतील? तर तिथेही पडतात. आपल्या बरोबर उलट्या कारणानं. तिथे पदं आहेत आणि माणसं येत नाहीत. २०२२मध्ये माध्यमिकच्या गणित शिक्षकांच्या भरतीत १,०३५ जागा होत्या आणि लेखी परीक्षेतून पुढच्या फेरीला ८१६च उमेदवार पोचले. त्याच वर्षी पॅरिसजवळच्या व्हर्साय विभागानं अर्ध्या तासाच्या मुलाखती घेऊन कंत्राटी शिक्षक भरले. त्यावर देशभर हसूही झालं आणि संतापही. म्हणजे टंचाई हा शब्द एक, पण दुखणी दोन. तिथे दुकान उघडं आहे आणि गिऱ्हाईक नाही. आपल्याकडे दारात रांग आहे आणि शटर खाली आहे.

पण मला त्या बाईच्या एका गोष्टीचं फार नवल वाटलं. तिच्या फोनमध्ये एक यादी होती. मुलगी सातवीच्या वयाची. कोणत्या तारखेला कोणता तास झाला नाही आणि त्या जागी दुसरे शिक्षक आले की नाही, याची नोंद. मी विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, आमच्याकडे बरेच पालक ठेवतात. तिथल्या पालकांच्या एका मोठ्या संघटनेनं अशा बुडालेल्या तासांच्या नोंदी गोळा करायची सोयच केलेली आहे. आणि त्याला कायद्याचा आधार आहे. १९८८मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं एका बापाच्या तक्रारीवर निकाल दिला, की ठरलेले विषय ठरलेल्या तासांप्रमाणे शिकवले जातील हे बघणं सरकारचं कर्तव्य आहे, आणि शिक्षकाअभावी ते झालं नाही तर जबाबदारी सरकारची. अलीकडे पालकांनी मिळून पुन्हा असे दावे लावले आहेत.

याहून मजेशीर किस्सा जानेवारी २०२४चा. नव्या शिक्षणमंत्री झालेल्या अमेली उदेआ-कास्तेरा यांना पत्रकारांनी विचारलं, तुमची मुलं खाजगी शाळेत का? त्या म्हणाल्या, सरकारी शाळेत ढीगभर तास बुडायचे, बदली शिक्षक मिळायचे नाहीत, म्हणून मुलाला काढलं. झालं! त्या सरकारी शाळेतल्या त्या वेळच्या शिक्षिकेनं जाहीर सांगितलं, की मी गैरहजर नव्हते. देशभर गदारोळ झाला आणि महिन्याच्या आत बाईंचं शिक्षण खातं गेलं. मी विचार करत होते, आपल्याकडे एखादा मंत्री असं म्हणाला असता तर ती बातमी तरी झाली असती का? आपल्याकडे मंत्री, अधिकारी, अगदी झेडपीचे शिक्षकसुद्धा स्वतःची मुलं कुठे घालतात यावर कुणाचाच आक्षेप नसतो. २०१५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की सरकारी पगार घेणाऱ्यांची मुलं सरकारी शाळेत घाला. ते कागदावरच राहिलं.

मला फ्रेंचांचं कौतुक सांगायचं नाही. त्यांच्याकडेही पैसेवाल्यांची मुलं निघून जातातच. सांगायचं एवढंच, की त्यांची तक्रार मोजलेली असते. "पूर्वीसारखे शिक्षक राहिले नाहीत" असं न म्हणता ते म्हणतात, "मार्चमध्ये गणिताचे नऊ तास झाले नाहीत." पहिल्या वाक्यात शिक्षक आरोपी होतो. दुसऱ्यात जागा रिकामी का, हे ज्यानं ती भरायची त्याला सांगावं लागतं.

आता आपल्या वाड्यांकडे येते, कारण पटाची खरी मेख तिथे आहे. मी ज्या धंद्यात आहे त्याचा इथे थेट संबंध येतो. हल्ली संचमान्यतेत पट धरताना ज्या मुलांचं आधार पडताळून झालेलं असतं तीच धरतात. २०११चा घोटाळा परत होऊ नये म्हणून हे केलं, आणि हेतू बरोबर आहे. पण प्रणालीला जुळतं किंवा जुळत नाही एवढंच कळतं. कातकरी वाडीतल्या मुलीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं, जन्मतारीख अंदाजानं १ जून. नाहीतर जन्म घरात झालेला, नोंदच नाही, म्हणून आधारही नाही. ती मुलगी वर्गात पहिल्या रांगेत बसलेली आहे, खिचडी खाते आहे, कविता म्हणते आहे. फळ्यावर ती 'हजर' आहे आणि सरकारच्या पटावर नाही. अशा पाच मुली असल्या तर एक शिक्षक गेला. एका अक्षराच्या वेलांटीमुळे नोंद जुळत नाही हे मी कामावर रोज बघते. तिथे आम्ही ती दुरुस्त करतो, कारण बँकेचं गिऱ्हाईक ओरडतं. वाडीवरचा बाप ओरडत नाही. दिवाळीनंतर तो बायकापोरांना घेऊन वीटभट्टीवर गेलेला असतो.

लोकांचं मत उलट फिरू शकतं, याची उदाहरणं आपल्या राज्यात आहेत. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली होती. तिथे काम केलेले वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले. बंद पडायला आलेल्या त्या शाळेत मुलं परत आली आणि २०२५मध्ये तिला लोकांच्या मतांवर दिला जाणारा जागतिक पुरस्कार मिळाला. मात्र "आम्हाला असे गुरुजी द्या" असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. असा माणूस तालुक्याला एखादा निघतो. बाकीच्या शाळा साध्या, प्रामाणिक, दमलेल्या शिक्षकांवर चालायच्या आहेत, आणि त्यांच्यामागे मतदारयाद्यांपासून पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत सगळं लावलेलं आहे.

आता वर्गणीचं बोलते. कमान नको असं मी म्हणत नाही, पण यंदा नको. टीव्हीही नको. आजूबाजूच्या कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा निधी खर्च करायचा असतो आणि त्यांना फोटोत दिसणारी वस्तू आवडते, टीव्ही त्या देतील. आपण ते करू जे फोटोत येत नाही. आपल्या तुकडीत एक जण ई-सेवा केंद्र चालवतो, एक ग्रामपंचायतीत आहे, दोघी आरोग्य खात्यात आहेत, एक वकील आहे. एक वर्ष उलटून गेल्यावर जन्माची नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ते काम वाडीवरच्या माणसाला एकट्याला जमत नाही, या पाच जणांना मिळून जमेल. महिन्यातले दोन शनिवार. जाण्यायेण्याचा आणि कागदपत्रांचा खर्च वर्गणीतून. भट्टीवर निघालेल्या घरांतल्या मुलांना शिक्षण हमी पत्रक हातात देऊनच पाठवायचं, म्हणजे तिकडच्या शाळेत त्यांना बसता येईल. साजगावची जत्रा आटोपली, लोकांचे सुके बोंबील घेऊन झाले, की वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. पुढच्या वर्षी त्याच्या आधी हे काम झालेलं हवं.

कुणीतरी सुचवलं, की आपणच मानधन देऊन गावातली डी.एड. झालेली मुलगी ठेवू. मलाही ते आवडलं होतं. पण वस्तीशाळांचं आठवा. स्थानिक तरुण-तरुणींना महिना हजार रुपयांवर नेमलं आणि नियमित व्हायला त्यांना २०१४ उजाडलं. आपण ठेवली तर तिला किमान शिक्षणसेवकाइतके पैसे, पूर्ण तीन वर्षांचे, आधी बाजूला काढून ठेवूनच ठेवावी. आणि रिकामं पद भरा, हा ग्रामसभेचा ठराव दर वर्षी जात राहिला पाहिजे, नाहीतर वरून म्हणतील, यांचं भागतंय. एवढे पैसे आज आपल्याकडे नाहीत. ते जमेपर्यंत हा विषय मी पुढे ढकलावा म्हणते. कुणाचं वेगळं मत असेल तर जेवताना माझ्याशी भांडा.

दुसरी गोष्ट अगदी स्वस्त आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि त्यांत निम्म्या बाया असाव्यात असा कायदाच आहे. त्या समितीनं एक वही ठेवायची. कोणत्या दिवशी कोणत्या इयत्तेला शिक्षक नव्हते, आणि का. कारणाचा रकाना सगळ्यात रुंद. पद रिकामं, प्रशिक्षण, निवडणुकीचं काम, बैठक, रजा. शिक्षकांनी ही वही आपल्याविरुद्ध आहे असं समजू नये. वर्षअखेर बेरीज केली तर रजेचा आकडा सगळ्यात लहान निघेल, अशी माझी पैज आहे. ही बेरीज ठरावाला जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा परिषदेत पाठवायची. मला एकानं विचारलंच, याचं ॲप करून देशील का? नाही देणार. शिक्षकांच्या फोनमध्ये आधीच पुष्कळ ॲप आहेत.

वही मी आणली आहे. साधी, दोनशे पानी, पहिलं पान आखलेलं. समितीच्या अध्यक्षबाई मागच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्याकडे देते. शनिवारसाठी ज्यांना नावं द्यायची आहेत त्यांनी तिच्याच शेवटच्या पानावर लिहावीत. पहिलं नाव माझं लिहिलेलं आहे.